गौरीचं हळदीकुंकू आणि साडेसातची मॅच

चैत्र लागला की आपल्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. देवघरात गौर झोपाळ्यावर बसते आणि बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी टी.व्ही.समोर बसतात. गौर महिन्याने उठते. मंडळी त्याहूनही उशिरा उठतात!

थट्टा राहू द्या, पण तारखाच बघा ना. २०२५ साली गुढीपाडवा आला ३० मार्चला. तृतीयेला गौर बसली आणि ३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, उठली. त्याच वर्षी आयपीएल सुरू झाली २२ मार्चला, मे महिन्यात आठवडाभर बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि संपली एकदाची ३ जूनला. म्हणजे गौरीचा सबंध महिना मॅचच्या पोटात गेला. दरवर्षी थोड्याफार फरकाने हेच. बरं, २००८ साली ही स्पर्धा निघाली तेव्हा रात्रीचा सामना आठ वाजता सुरू व्हायचा. २०२० पासून तो साडेसातला आला. अर्धा तासच अलीकडे आला, पण तो नेमका आपल्या हळदीकुंकवावर आला हो! सहाला बोलावलेल्या बायका आठपर्यंत बसल्या तर पूर्वी कुणाचं काही अडत नसे. आता पावणेसात वाजले की एकेक जण पर्स उचलते.

आमच्या पेणला, रामवाडीपासून गावातल्या जुन्या आळ्यांपर्यंत, चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे नुसतं कुंकू लावून जाण्याचा कार्यक्रम कधीच नव्हता. दुपारचा उकाडा ओसरला की अंगणात चैत्रांगण काढायचं. गौरीपुढे कलिंगडाचं कमळ, करंज्या-लाडवांची आरास, मोगऱ्याचे गजरे. ओल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, आणि मग बसायचं. हे बसणं महत्त्वाचं. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाच्या सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं, या वर्षी पोह्याचे पापड किती किलोंचे लाटायचे आणि कुणाच्या गच्चीवर वाळत घालायचे, सगळं तिथे ठरायचं. आता ऐकू काय येतं? "डाळ डब्यातच दे गं, घरी जाऊन खाते. यांना साडेसातला काहीतरी खायला लागतं." डबा घेऊन पाच मिनिटांत बाई जिना उतरलेली असते.

यात मॅचचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. एक तर मलाही क्रिकेट आवडतं. आणि दुसरं म्हणजे टी.व्ही. आला तेव्हा त्याने माणसं जमवलीच होती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, पण गावोगावी संच यायला पुढे कितीतरी वर्षं लागली. सासूबाई सांगतात, २५ जून १९८३ च्या रात्री कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर वर्ल्ड कप घेतला तेव्हा ज्या एका घरी टी.व्ही. होता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष सतरंजीवर, बायका दाराशी, पोरं खिडकीच्या गजांवर. आपले सगळे मिळून १८३ धावांत बाद झाले होते, तरी माणसं उठून गेली नाहीत. आता घरोघरी मोठे पडदे आहेत, शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाइल. दारं मात्र साडेसातला बंद होतात.

तेव्हा बिघडतंय कुठे? माझ्या मते ते वेळापत्रकात. त्यांची वेळ छापून येते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाविरुद्ध, सगळं महिनाभर आधी जाहीर. त्यासाठी त्यांना कुणाला विचारावं लागत नाही, "मी आज बसू का?" म्हणावं लागत नाही. आपलं मैत्रिणींकडे जाणं मात्र कुठेच छापलेलं नसतं. पोळ्या झाल्या, मुलांचा अभ्यास झाला, पाणी भरून झालं, आणि त्यातून वेळ उरला, तर आपण जाणार. उन्हाळ्यात तो उरतो कधी? मुलांच्या परीक्षा, आमच्यासारख्या अर्धवेळ शिकवणाऱ्यांना पेपर तपासण्याचे गठ्ठे, मग तिखट, मसाला, पापड, कुरडया. दिवस न ठरवलेली गोष्ट दरवेळी मागे पडते.

म्हणून आधी जरा हिशेब करू या. २०२५ च्या आयपीएलमध्ये एकूण ७४ सामने ठरलेले होते. आकडा ऐकूनच छातीत धडकी भरते. पण त्यात एकेका संघाच्या वाट्याला साखळीतले सामने येतात फक्त चौदा. त्यावर शेवटचे बाद फेरीचे चार धरा. म्हणजे तुमच्या घरातला माणूस अगदी हाडाचा मुंबईवाला असला, तरी त्याच्या जिव्हाळ्याच्या संध्याकाळी होतात जेमतेम अठरा. उरलेल्या संध्याकाळी जे चालू असतं ते सवयीने चालू असतं. जयपूर आणि लखनौ खेळत असताना पेणमधल्या माणसाने जेवणाचं ताट हातात घेऊन बसण्याचं तसं काहीच कारण नाही. हा हिशेब मी घरात शांतपणे मांडला तेव्हा आमचे हे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चेन्नईचे पण धर." धरले. तरी खूप संध्याकाळी मोकळ्या उरल्या.

मग आम्ही काय करतो ते सांगते. सामन्यांच्या तारखा लागल्या की एका रविवारी चहाच्या वेळी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढायचं. निळ्या पेनाने त्यांनी त्यांचे सामने लिहायचे, लाल पेनाने मी माझं. गौरीची सोय अशी की तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कोणताही दिवस चालतो. मंगळवार, शुक्रवार बघायची रीत आहे, पण तीही सवडीने. तेव्हा मुंबईचा सामना नसेल तो दिवस मी खुशाल निवडते. तेवढं केलं म्हणजे हार झाली असं मला वाटत नाही. पण एकदा लाल पेनाने लिहिलं की लिहिलं. मग ऐन वेळी कुणाचे मित्र सामना बघायला येणार असले, तरी दिवस हलायचा नाही. मित्रांनी आतल्या खोलीत मोबाइलवर बघावं, पन्हं त्यांनाही मिळेल.

आणि एक. हे लिहिताना "तुम्ही मला जाऊ द्या, मी तुम्हाला मॅच बघू देते" असला सौदा करू नका. सौद्यात दोन्हीकडून मोजमाप सुरू होतं, आणि मोजणाऱ्या बाईला कधी समाधान मिळत नाही. "गुरुवारी मी रोह्याला जाणार आहे" एवढंच म्हणावं. सांगावं जरूर, पण परवानगीच्या सुरात नको.

रोह्याचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या माझ्या मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिला विचारूनच लिहिते आहे. आम्ही दोघी एका बाकावर बसून बी.ए. झालो. ती माझ्या गौरीला आगगाडीने आली. सात वाजता इतर बायका गेल्या. हिची गाडी उशिराची होती म्हणून ही राहिली. बाहेर मॅच सुरू झाली, आम्ही दोघी मागच्या ओट्यावर उष्टी भांडी बाजूला सारून बसलो. अर्धा तास इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, "आमच्याकडे मॅच चालू असली की बोलायचं नसतं, आणि मॅच रोजच चालू असते." मी हसले. ती हसली नाही.

तिच्या यजमानांचा पगार तीन महिने झाला नव्हता. कारखान्यात काही खरं नव्हतं. ते सकाळी डबा घेऊन निघत, संध्याकाळी परत येत, आणि आल्याबरोबर टी.व्ही. लावत तो झोपेपर्यंत. आवाज मोठा. बँकेच्या पासबुकावरून तिच्या लक्षात आलं होतं, पण विचारायचं कसं? विचारलं की, "ही ओव्हर संपू दे." माहेरी सांगायची सोय नाही. फोनवर बोलावं तर घरात सासरे, दीर, मुलं. दोन महिने बाई हे पोटात घेऊन हिंडत होती, आणि बोलली ती मागच्या ओट्यावर, आठ वाजून गेल्यावर, जेव्हा तिला कळलं की आता आपल्याला कुणी उठवणार नाही.

अशी गोष्ट डबा हातात घेऊन जिन्यावर सांगता येत नाही हो. तिला दीड-दोन तासांची बैठक लागते. पहिला अर्धा तास तर नुसता गजऱ्यात आणि साड्यांत जातो, आणि तो जायलाच हवा.

मी तिला फार शहाणपणाचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की रात्री बोलू नकोस, आणि टी.व्ही. तर बंद करूच नकोस. सकाळी सगळे उठायच्या आधी चहा घेताना विचार, आणि पैशांबद्दल न विचारता "तुम्हाला झोप लागते का?" असं विचार. ती दोन दिवस थांबली आणि तसंच विचारलं. ते बोलले. मग थोरल्या दिरांच्या कानावर घातलं, एक मुदत ठेव मोडली, हिने शिकवण्या वाढवल्या. अजून सगळं सुरळीत झालं असं नाही. पण आता तो माणूस मॅच बघतो तेव्हा आवाज बेताचा असतो, असं ती म्हणते.

तेव्हापासून मला एक गोष्ट जाणवते. क्रिकेटची आवड असलेला माणूस आणि टी.व्ही.च्या आडोशाला बसलेला माणूस, हे दोन वेगळे. पहिला ओरडतो, टाळ्या पिटतो, हरल्यावर चिडतो, तुम्हाला हाक मारून "बघ बघ, काय झेल घेतला!" म्हणतो. दुसऱ्याला कोण जिंकलं हे सकाळी आठवतही नाही. पहिल्यावर खुशाल रागवा, त्याला काही होत नाही. दुसऱ्याशी भांडू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, हातात काही निवडायला घेऊन. सगळेच तसे असतात असं नव्हे, आणि दमूनभागून आलेल्या माणसाला दोन तास काही न बोलता बसावंसं वाटलं तर त्यात संशय घेण्यासारखं काय आहे? पनवेल-मुंबईची रोजची ये-जा करून सातला घरी टेकणाऱ्या माणसाची ती विश्रांतीच आहे. पण फरक ओळखावा.

निवडण्यावरून आठवलं. मॅच बघणाऱ्या माणसाचे डोळे गुंतलेले असतात, हात रिकामे असतात. आपल्याकडे कडव्या वालांचं बिरडं होतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून सोलत बसायचं म्हणजे बायकांची कंबर मोडते. ती परात मी टी.व्ही.समोर ठेवते. पहिल्या दिवशी कुरकूर झाली, दुसऱ्या दिवशी मुलाने आणि वडिलांनी पैज लावली. आता साली बाजूला आणि डाळिंब्या पातेल्यात, एका डावात काम फत्ते. फक्त शेवटच्या दोन षटकांत परात काढून घ्यावी, नाहीतर वाल गालिच्यावर सापडतात.

जेवणाचंही घड्याळ बांधून घ्या. नियमाने वीस षटकांचा डाव दीड तासात संपवायचा असतो. मध्ये वीस मिनिटांची सुट्टी, मग दुसरा दीड तास. साडेसातला सुरू झालेला सामना कागदावर दहा पन्नासला संपतो. प्रत्यक्षात अकरा वाजून जातात. पुष्कळ घरी त्या वीस मिनिटांच्या सुट्टीत सगळ्यांना गरम पोळी हवी असते. म्हणजे नऊ वाजता बाई शेगडीपाशी घामाघूम, आणि वीस मिनिटांनी ताटं तशीच टाकून मंडळी परत बाहेर. हे बंद करा बाई. पोळ्या सातपर्यंत करून डब्यात, भात-आमटी झाकून टेबलावर, अलिबागचा पांढरा कांदा चिरून ठेवलेला, पापड तळून बरणीत. ज्याने त्याने वाढून घ्यावं आणि ताट घासायला टाकावं. मोठी मुलं असतील तर त्यांना ही सवय लागलेली बरी. उद्या त्यांच्याही घरी गौर बसणार आहे.

आता मॅच, नवरा आणि मैत्रिणी हे तिन्ही एका खोलीत आलेले मी एकदा पाहिले. २ नोव्हेंबर २०२५, रविवार, कार्तिकी एकादशी. महिलांच्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना नवी मुंबईत नेरूळला, म्हणजे आमच्या अंगणातच म्हणा ना. तीन दिवस आधी त्याच मैदानावर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या होत्या, त्यामुळे कधी क्रिकेट न बघणाऱ्या बायकाही येऊन बसल्या. आमच्याकडे पाच जणी होत्या. पावसाने सामना दोन तास उशिरा सुरू झाला. आमच्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाने ४५ केल्या, शफाली वर्माने ८७, आणि २९८ चा डोंगर उभा राहिला. यजमान मंडळींनी उपासाची साबुदाण्याची खिचडी केली. जरा चिकट झाली होती, पण कुणी बोललं नाही. दीप्ती शर्माने पाच गडी बाद केले, दक्षिण आफ्रिका २४६ ला संपली आणि हरमनप्रीत कौरने शेवटचा झेल धरला तेव्हा मध्यरात्र झाली होती. एकीलाही घरून बोलावणं आलं नाही. आल्या होत्या त्यांचे नवरे आपापल्या घरी तोच सामना बघत होते!

सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या की बायकांचंही क्रिकेट असतं हे त्यांना फार उशिरा कळलं. त्यांना नवल वाटेल, पण महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ च्या एप्रिलमध्ये आपल्या पुण्यात झाली होती. संघ अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बघा, तोही चैत्र-वैशाखाचाच सुमार होता. त्या मुलींनी घरी वेळ कशी मागून घेतली असेल, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

पण दरवेळी सामन्याभोवतीच जमायला हवं असं नाही, आणि आवडत नसेल तर नवऱ्याला बरं वाटावं म्हणून रोज टी.व्ही.समोर बसण्याचीही गरज नाही. मी शेवटची चार षटकं यांच्याबरोबर बघते. तेवढ्यात सगळा सामना कळतो आणि शेजारी बसणंही होतं. त्या वेळी मुलाची फी, गॅस सिलिंडर, नणंदेचा फोन, यातलं काहीही काढायचं नाही, हा मी घातलेला नियम आहे. अडीच मिनिटांच्या टाइम-आउटमध्ये तर मुळीच नाही.

बाहेरगावच्या मैत्रिणींकडे जायचं तर आता खर्चाची सबब फारशी राहिली नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धं तिकीट आहे. रामवाडीला गाडी पकडली की नागोठण्यावरून रोहा. नाहीतर आगगाडी आहेच. फक्त परतीची गाडी जरा उशिराची धरा. सहाची नको.

या वेळी ज्यांच्याकडे गौर बसते त्यांनी डाळीचं गणित असं ठेवा. वीसएक बायकांना अर्धा किलो हरभऱ्याची डाळ पुरते. पाच तास भिजवून पाणी पूर्ण निथळून भरड वाटायची, पिठासारखी नको. कैरीचा कीस आंबटपणा बघून दीड ते दोन वाट्या, ओलं खोबरं वाटीभर, हिरव्या मिरच्या, मीठ, चवीला साखर. हिंग-हळद-मोहरीची फोडणी पूर्ण गार करून वरून घालायची, गरम घातली तर डाळ लवकर आंबते. उकाड्यात ही डाळ फार वेळ राहत नाही, म्हणून कैरी आणि खोबरं साडेपाचलाच मिसळा. पन्ह्याचा उकडलेला गर गूळ-वेलची घालून आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो. बशा आणि चमचे मोजून बाहेर काढून ठेवा. डबे मात्र वरच्या फळीवर ठेवा, हाताशी येणार नाहीत असे. कुणी मागितलाच, तर "आधी बस, खा, मग बघू" म्हणावं आणि पाट पुढे सरकवावा.